सिम चिपळूणला, मी शारजात, आता व्हॉट्सअॅपचं काय?

चिपळूणचा_शारजाकर (धागाकर्ता) | ४ डिसेंबर २०२५

मंडळी, डोकं भंजाळलंय म्हणून धागा काढतोय. मी शारजात नोकरीला, नऊ वर्षं झाली. व्हॉट्सअॅप अजून भारतातल्या नंबरावरच आहे कारण नातेवाईक, शाळेचा ग्रुप, बँक, सगळं त्या नंबराला चिकटलेलं. सिम मात्र चिपळूणला आईकडे, जुन्या बटणाच्या फोनात, तो फोन फ्रिजवर. ओटीपी आला की आई वाचून दाखवते, गेली नऊ वर्षं हेच चाललंय.

आता २८ नोव्हेंबरला दूरसंचार विभागाने फतवा काढलाय की व्हॉट्सअॅप, टेलिग्राम, सिग्नल, अरट्टाई वगैरे ज्या सिमवर उघडलं ते सिम त्याच फोनात कायम असलं पाहिजे, नसेल तर अॅप चालणार नाही. कंपन्यांना ९० दिवस दिलेत. आणि कम्प्युटरवर उघडलेलं दर सहा तासांच्या आत आपोआप बंद होणार.

इथे यूएईत तर व्हॉट्सअॅप कॉल आधीच लागत नाही. म्हणजे कॉल या सरकारने बंद केलाय आणि मेसेज ते सरकार बंद करणार, मी काय कबुतर पाळू? फोन सेवेवर सरकारचा कंट्रोल असावा हे मला पटतं, पण इंटरनेटवरच्या फोनवर तो किती असावा? तुमचं मत सांगा, आणि माझ्या सिमचं काय करू तेही सांगा.

---

कट्ट्यावरचा

कबुतराला पण केवायसी लागेल.

---

खडूस_खारीक

आईला फोनवर ओटीपी वाचायला लावतोस आणि वर डोकं भंजाळलं म्हणतोस. नऊ वर्षांत खातं रिकामं झालं नाही ही ग्रामदेवतेची कृपा समज.

बाकी यूएईबद्दल खरंच विचारतोय, तिथे नक्की काय बंद आहे? माझा भाचा दुबईत आहे तो तर रोज व्हिडिओ कॉल करतो.

---

चिपळूणचा_शारजाकर

@खारीक, भाचा एकतर बॉटिम नावाच्या अॅपवरून करत असेल नाहीतर व्हीपीएनवरून, आणि व्हीपीएनवरून करत असेल तर इथे लिहू नकोस. 😄

इथे इंटरनेटवरून आवाजाचे कॉल द्यायचं लायसन्स एतिसलात आणि डू या दोनच कंपन्यांकडे. त्यामुळे व्हॉट्सअॅपचे मेसेज, फोटो, व्हॉइस नोट सगळं चालतं, फक्त कॉल लागत नाही. इथे विकलेल्या आयफोनात फेसटाइम नसायचंच. २०१८ च्या सुरुवातीला त्यांनी बॉटिम आणि सी-मी ही दोन अॅपं पॅकसकट चालू केली, मोबाइलला महिना ५० दिरहम, घरच्या कनेक्शनला १००. लेबर कॅम्पात राहणारा माणूस हजार-बाराशे दिरहम कमावतो, त्याने बायकोशी बोलायला ५० वेगळे काढायचे. कोविडमध्ये शाळा-ऑफिसासाठी झूम, टीम्स उघडले, व्हॉट्सअॅप नाही ते नाहीच.

आईच्या फोनात बॉटिम घालायला मला तीन सुट्ट्या लागल्या. पहिल्यांदा ती म्हणाली, हे बाटलीचं काय असतं रे?

---

टेलिफोन_आजोबा

मी १९७९ साली टेलिफोन खात्यात लागलो, सहाय्यक अभियंता म्हणून निवृत्त. आता तुम्ही सगळे मला शिव्या घालणार पण लिहितो.

आजच्या पोरांना वाटतं इंटरनेटवरून फोन ही फुकट मिळालेली हवा आहे. आमच्याकडे फोनच्या अर्जाला वर्षानुवर्षं नंबर लागायचा नाही, ट्रंक कॉल लावला की माणूस जेवून येऊन परत बसायचा. नव्वदच्या दशकात अमेरिकेला बोलायचं तर मिनिटाला पन्नास-साठ रुपये पडायचे, एसटीडी बूथवर लाल आकडे पळताना बघून लोक निम्मं वाक्य गिळायचे. आणि परदेशी कॉल फक्त विदेश संचार निगमकडून. त्या काळात इंटरनेटवरून फोन करणं चक्क बेकायदा होतं. १ एप्रिल २००२ ला परवानगी आली ती पण अर्धी! कम्प्युटरवरून कम्प्युटरला बोला, कम्प्युटरवरून अमेरिकेतल्या फोनला बोला, पण पुण्यातल्या कम्प्युटरवरून साताऱ्यातल्या फोनला बोलायचं नाही.

लोक म्हणायचे हा वेडेपणा. वेडेपणा नव्हता, हिशोब होता. ज्या कंपनीने खांब रोवले, केबल टाकली, सरकारला लायसन्स फी भरली, तिच्या कॉलचे पैसे भलताच खाऊन जाणार. आणि आमच्यावर शंभर अटी, बिल असंच द्या, तक्रार इतक्या दिवसात सोडवा, पोलिसांनी गृहखात्याच्या हुकुमाने मागितलं तर टॅपिंग द्या. व्हॉट्सअॅपवाल्याला यातलं काय आहे? तुमचा कॉल कट झाला तर कोणाकडे तक्रार करता?

सारखं काम, सारखे नियम. एवढंच माझं म्हणणं.

---

कट्ट्यावरचा

आजोबा, तुमच्याकडे तक्रार केली तरी तीन महिने डेड फोन डेडच असायचा हो. निदान व्हॉट्सअॅप खोटं तरी बोलत नाही की 'लाइनमन निघालाय'.

---

टेलिफोन_आजोबा

लाइनमन खरंच निघालेला असायचा. पोचायचा नाही ही गोष्ट वेगळी.

---

कलमबहाद्दर

आजोबांच्या प्रतिसादाचा आदर ठेवून असहमत. सारखं काम सारखे नियम ऐकायला गोड आहे, पण काम सारखं नाहीये. टेलिकॉम कंपनीला सरकारने स्पेक्ट्रम दिलाय, नंबर दिलेत, त्या बदल्यात अटी. व्हॉट्सअॅपला सरकारने काहीच दिलेलं नाही. ते चालतं ग्राहकाने विकत घेतलेल्या डेटावर. डेटाचे पैसे कंपनीला मिळालेच की. मी दळण दळून आणल्यावर त्या पिठाची भाकरी केली का थालीपीठ, याचे वेगळे पैसे गिरणीवाला मागतो का?

हे मागून झालेलं आहे बरं का. डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने इंटरनेट कॉलिंगला वेगळा पॅक जाहीर केला होता, एवढी बोंबाबोंब झाली की आठवड्याभरात मागे घेतला. मग मार्च २०१५ ला ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, ११८ पानी कागद काढून विचारलं की या अॅपांना नियम लावायचे का, आणि लोकांनी दहा लाखांच्या वर ईमेल पाठवले. त्यातून फेब्रुवारी २०१६ चा नियम आला की कुठली वेबसाइट किंवा अॅप आहे बघून डेटाचा वेगळा दर लावायचा नाही. सप्टेंबर २०२० मध्ये तर खुद्द ट्रायनेच सांगितलं की या अॅपांसाठी सध्या वेगळ्या नियमांची गरज नाही.

पुढे २०२२ च्या दूरसंचार विधेयकाच्या मसुद्यात ही अॅपं घातली होती, २०२३ ला कायदा झाला तेव्हा मंत्री म्हणाले ओटीटी, म्हणजे इंटरनेटवर चालणारी ही अॅपं, यात नाहीत. आणि आता दोन वर्षांनी सायबर सुरक्षेचे नियम बदलून त्यातून सिमचा हुकूम. संसदेत दारातून येऊ दिलं नाही म्हणून मागच्या पडवीतून आत. माझा आक्षेप हा आहे. लावायचे तर लावा नियम, पण चर्चा करून लावा.

---

हॅलो_कोण

त्या दहा लाखात मी पण होतो. ट्रायने नंतर ते सगळे ईमेल पत्त्यांसकट वेबसाइटवर टाकले होते, आठवतंय का? प्रायव्हसीसाठी लढलो आणि दुसऱ्या दिवसापासून प्लॉट विकणाऱ्यांचे मेल सुरू. अजून येतात, तळेगाव, एनए प्लॉट, गेट आणि कंपाउंड तयार.

---

नाशिकची_द्राक्षं

मी सहसा लिहीत नाही, पण वरचं वाचून राहवलं नाही.

माझ्या सासूबाई, वय ७१, निवृत्त मुख्याध्यापिका. गेल्या वर्षी त्यांना फोन आला की तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत. मग व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ कॉल, समोर वर्दीतला माणूस, मागे झेंडा, टेबलावर फायली. तीस तास त्यांना कॅमेऱ्यासमोर बसवलं. आंघोळीला जायचं तरी परवानगी. आम्ही त्याच घरात, खालच्या मजल्यावर, आणि आम्हाला त्या म्हणत होत्या की बरं वाटत नाहीये, झोपते. सहा लाख गेले. पैशाचं सोडा, त्या आता स्वतः फोन उचलत नाहीत. ज्या बाईने तीस वर्षं अख्खी शाळा धाकात ठेवली ती रिंग वाजली की माझ्याकडे बघते.

ज्या नंबरवरून कॉल आला तो भारतीय होता, ९१ वाला. तपासात कळलं की सिम इथल्याच कुठल्या तरी मजुराच्या नावावर काढलेलं आणि व्हॉट्सअॅप चालत होतं भलत्याच देशातून. सिमचा उपयोग फक्त एकदा ओटीपी घेण्यापुरता. म्हणजे, धागाकर्ते, माफ करा, पण तांत्रिकदृष्ट्या तुमची व्यवस्था आणि त्या चोरांची व्यवस्था एकच आहे. सिम इथे, माणूस तिथे.

पडवीतून आला का दारातून मला फरक पडत नाही. आला ते बरं झालं.

---

चिपळूणचा_शारजाकर

@द्राक्षं, वाचून सुन्न झालो. माफी कसली, तुमचं बरोबरच आहे. मी असा विचारच केला नव्हता.

---

खडूस_खारीक

ताई, वाईट वाटलं. त्यांना नमस्कार सांगा.

याच वर्गातलं, मे २०२४ मध्ये गृहमंत्रालयाच्या सायबर विभागाने मायक्रोसॉफ्टच्या मदतीने हजारावर स्काइप आयडी बंद केले होते, याच डिजिटल अटकेच्या प्रकारासाठी. आता स्काइपच बंद झालं, मे २०२५ ला. चोर कुठे बंद झाले? ते फक्त घर बदलतात.

---

टेलिफोन_आजोबा

खारीक, चोर घर बदलतात म्हणून कुलूप लावायचं नाही का?

पण प्रामाणिकपणे एक गोष्ट माझ्याच बाजूच्या विरोधात सांगतो. सिम बॉक्स नावाचा प्रकार असतो. एका पेटीत पन्नास-शंभर सिमं घालतात. परदेशातून कॉल इंटरनेटवरून त्या पेटीत आणतात आणि पेटीतल्या सिमवरून लोकल कॉल म्हणून पुढे सोडतात. तुम्हाला दिसतो साधा भारतीय नंबर. याचं कारण पैसा. परदेशातून रीतसर येणाऱ्या कॉलवर आपल्या कंपनीला मिनिटामागे ठरलेली रक्कम मिळते, पेटीवाला ती बुडवतो. पूर्वी ५३ पैसे होती, फेब्रुवारी २०१८ पासून ट्रायने ३० केली, २०२० मध्ये ३५ ते ६५ पैशांच्या मध्ये काय ते ठरवा म्हणाले. पैशात मोजायची रक्कम, पण रोजचे लाखभर मिनिटं चोरली तर बघा हिशोब. २०१७ मध्ये एटीएसने लातुरात असंच चोरटं एक्स्चेंज पकडलं होतं, खबर लष्कराच्या गुप्तचरांकडून आलेली. लातूर! सीमेपासून कुठल्या कुठे.

तर मुद्दा असा की तिथे पेटीत सिम असतंच, खरं आणि चालू. सिम बांधून हा चोर सापडत नाही. त्याला सिम विकणारा पकडला पाहिजे.

---

कलमबहाद्दर

आजोबा, तुम्हीच माझं वकीलपत्र घ्या आता.

द्राक्षंताईंचा अनुभव वाचून मी माझं मत जरा आवरतं घेतो. सिम एकदाच वापरून फेकणाऱ्यांना या हुकुमाने त्रास होईल हे खरं. पण एकाच्या नावावर दुसऱ्याने सिम काढलंच कसं? दुकानात अंगठा, फोटो, आधार सगळं घेतात. ते भोक बुजवायचं सोडून प्रत्येकाच्या फोनला साखळी.

---

गल्ला

इचलकरंजीहून. आमचं सूत-कापडाचं दुकान आहे. सगळ्या ऑर्डरी व्हॉट्सअॅपवर, काउंटरवरच्या कम्प्युटरला उघडं असतं आणि दोन पोरं त्यावर बसतात. सिम असलेला मोबाइल वडिलांच्या खिशात. वडील सकाळी सांगलीला जातात, दुपारी जयसिंगपूर, संध्याकाळी कुणाच्या तरी बारशाला. आता दर सहा तासानं लॉगआउट होणार म्हणे, परत तो चौकोन स्कॅन करायचा. म्हणजे दुपारी अडीचला गिऱ्हाईक रेट विचारणार आणि मी वडिलांच्या मागं मोटरसायकल घेऊन पळणार.

यात कुठला चोर धरला जातोय कुणी समजावून सांगा, मी चहा पाजतो.

---

कट्ट्यावरचा

वडिलांनाच काउंटरला बांधा. सिम बाइंडिंगपेक्षा फादर बाइंडिंग स्वस्त.

---

बोटीवरचा_बाब

मडगावचा. क्रूझवर किचनात आहे, आठ महिने बोटीवर, चार महिने घरी. आमच्याकडे समुद्रात कसली रेंज हो, बोटीच्या वायफायचं पॅकेज घेतो आणि त्यावर व्हॉट्सअॅप कॉल. मुलीचा पहिला वाढदिवस मी असाच बघितलाय, केक कापताना हँग झालं आणि परत लागलं तेव्हा केक संपलेला. सिम फोनात आहे पण त्याला टॉवर नाही, तर माझं बंद होणार काय?

---

कलमबहाद्दर

@बाब, हुकुमातली भाषा अशी आहे की सिम त्या फोनात बसवलेलं पाहिजे आणि चालू पाहिजे. टॉवर दिसलाच पाहिजे असं त्यात नाही. सरकारने नंतर हेही सांगितलंय की रोमिंगवर असणाऱ्याचं सिम फोनात असेल तर अडचण नाही. फक्त रिचार्ज संपू देऊ नका, आठ महिन्यात सिम बंद पडलं तर घोटाळा. घरी सांगून ठेवा.

---

ऑस्टिनची_अक्का

इकडचं सांगते, कारण इथे नियम वेगळ्याच कारणाने आले.

अमेरिकेत २००५ मध्ये एफसीसीने, म्हणजे इथल्या दूरसंचार नियामकाने, ठरवलं की जी इंटरनेट फोन सेवा साध्या फोनसारखी वापरता येते, म्हणजे नंबर आहे, कुणालाही लावता येतो, कुणाचाही येतो, तिला ९११ (इथला आणीबाणीचा नंबर) द्यावंच लागेल, आणि १२० दिवसात. कारण लोकांनी घरचा फोन काढून इंटरनेटवाला घेतला आणि अडचणीच्या वेळी ९११ लावला तर तो नीट पोचेना. टेक्ससमध्येच ह्यूस्टनच्या एका घरात दरोडा पडला तेव्हा मुलीने फोन लावला आणि तो लागला नाही, त्यावर खूप गाजलं होतं.

आता माझी फजिती. आम्ही डॅलसहून ऑस्टिनला आलो, नंबर तोच ठेवला, इंटरनेटचा फोन, डबा उचलून नव्या घरात लावला की झालं. सासरे भारतातून आलेले, एका रात्री छातीत कळ. मी ९११ लावला. पलीकडची बाई शांतपणे आमचा डॅलसचा पत्ता वाचायला लागली! पत्ता बदलायची सूचना कंपनीने दिलेली, मीच केला नव्हता. तिनेच मग कॉल इकडे वळवून दिला, दहा-बारा मिनिटात गाडी आली, निघालं पित्त. पण ती मिनिटं विसरत नाही मी.

तर आजोबांच्या 'सारखं काम'ला माझं अर्धं मत. जे अॅप फोनची जागा घेतंय त्याने निदान जीव वाचवायचं काम करावं. भारतात व्हॉट्सअॅपवरून ११२ लागतो का?

---

टेलिफोन_आजोबा

नाही लागत. आणि हे मी कधीपासून बोंबलतोय.

---

हॅलो_कोण

अवांतर: बीएसएनएलचं विंग्स कुणाला आठवतंय का? २०१८ मध्ये सरकारने इंटरनेट टेलिफोनीचे नियम सैल केले, साताऱ्याचा फोन पुण्याच्या इंटरनेटवरून लावायला शेवटी परवानगी मिळाली, आणि पहिली उडी बीएसएनएलने मारली. वर्षाला १०९९ रुपये, सिम नको, अॅपवरून कुठल्याही फोनला कॉल. कोल्हापुरातल्या आमच्या तळघरातल्या ऑफिसात रेंज नव्हती, तिथे मी घेतलं होतं. नियम मोकळा, लायसन्सवाली कंपनी, सगळं रीतसर. पण तोवर सगळं गाव व्हॉट्सअॅपवर गेलेलं. १६ वर्षं दार बंद ठेवलं आणि उघडलं तेव्हा लग्नाची वरात पुढच्या गल्लीत.

---

टेलिफोन_आजोबा

हे मात्र खरं आहे. हे मला टोचतं.

---

खडूस_खारीक

आजोबा आज दोनदा मान्य करून बसले. वाचनखूण साठवली.

मूळ प्रश्नावर या आता. धागाकर्त्याने सिमचं काय करायचं? सिम मागवून घे ना शारजाला. फोनमध्ये दोन सिमची सोय असेलच. ओटीपीचा एसएमएस रोमिंगवर येतो, आईने वाचायची भानगडच संपली.

---

चिपळूणचा_शारजाकर

@खारीक, तेच ठरवलं होतं. काल आईला बॉटिमवर सांगितलं. ती म्हणाली, ने की, तुझंच आहे. मग दहा सेकंद गप्प. मग म्हणाली, पण सिलिंडरचं काय?

गॅसचं बुकिंग त्या नंबराला लागलेलं आहे! सिलिंडर घेऊन येणारा पोरगा दारात उभा राहून कोड विचारतो, तो कोड त्या सिमवर येतो. सिम शारजाला आलं की चिपळूणच्या सिलिंडरचा कोड माझ्याकडे येणार, मी मीटिंगमध्ये असणार, पोरगा सिलिंडर परत घेऊन जाणार. शिवाय लाइट बिल, घरपट्टीचा मेसेज, बाबांच्या पेन्शनचं काहीतरी. मला वाटत होतं सिम माझं आहे.

---

नाशिकची_द्राक्षं

आधी गॅस एजन्सीत जाऊन आईंचा नंबर लावून घ्या. पासबुक आणि आधार घेऊन जायला सांगा. मग बँक. मग पेन्शन. मग सिम हलवा. या क्रमानेच करा, सासूबाईंच्या वेळी आम्ही उलटं केलं आणि महिनाभर नाचलो.

---

गल्ला

आणि माझा चहा अजून कुणी प्यायला आला नाही. सहा तासात चोर कसा सापडतो ते सांगणारा कुणी आहे का?

---

कलमबहाद्दर

@गल्ला, सरकारचं म्हणणं असं की तुमचं व्हॉट्सअॅप कुणी लबाडीने स्वतःच्या कम्प्युटरवर उघडून ठेवलं तर ते महिनोन्‌महिने चालू राहतं, तुम्हाला पत्ता नसतो. सहा तासात बंद झालं तर त्याला परत तुमचा फोन लागेल. तर्क आहे त्यात. पण सहाच का, चोवीस का नाही, दुकानाला सवलत का नाही, हे विचारायला कुणी बोलावलंच नाही आपल्याला. चहा अर्धा द्या, कटिंग.

---

चिपळूणचा_शारजाकर | १५ डिसेंबर २०२५

अपडेट. आई शुक्रवारी गॅस एजन्सीत जाऊन नंबर बदलून आली, रांगेत तिच्या दोन विद्यार्थ्यांच्या आया भेटल्या म्हणून दीड तास लागला. बँकेचं मामा बघतोय. मामेभाऊ २० तारखेला नोकरीसाठी इकडे येतोय, त्याच्याबरोबर सिम पाठवणार.

बटणाच्या फोनातून सिम काढायला आईला जमेना, शेजारच्या पोराने काढून दिलं. हरवू नये म्हणून तिने ते कुंकवाच्या डबीत ठेवलंय.

---

कट्ट्यावरचा

डबी रिकामी का भरलेली?

---

चिपळूणचा_शारजाकर

भरलेली. विचारलं तर म्हणते, पुसून घे की.